ठेकेदाराचे सातशे की शिकाऊचं विद्यावेतन?

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. यंदा ऑगस्टमध्ये आयटीआयचा वेल्डर ट्रेड पास झाला. ओळखीतला एक ठेकेदार त्याला साखर कारखान्याच्या बॉयलरवर रोज ७०० रुपयांनी न्यायला तयार आहे. आयटीआयचे सर म्हणतात, आधी एक वर्ष अप्रेंटिसशिप कर. तिथलं विद्यावेतन याच्या निम्म्याहून कमी. त्याच्या डोक्यात आखातात बॉयलरमेकर म्हणून जायचं आहे. काय करावं?
– एक आई, ता. कराड

उत्तर : ताई, सातशे रुपये रोज म्हणजे वर्षातले किती रोज, हे आधी ठेकेदाराला विचारा. कारखान्याच्या बॉयलरचं मोठं काम गळीत संपल्यावर निघतं. दसऱ्याच्या आसपास अग्निप्रदीपनाची (बॉयलर पेटवण्याची) पूजा झाली की ओव्हरहॉलिंगची, म्हणजे दुरुस्तीची, पोरं घरी. म्हणजे आता जेमतेम दोन महिने उरले.

मीही असाच लागलो होतो. पहिला सगळा सीझन ग्राइंडर आणि ट्यूबा साफ करणं. शेवटी एक वेल्डर आजारी पडला म्हणून मला वॉटर वॉलच्या (भट्टीभोवतीच्या पाण्याच्या नळ्यांच्या भिंतीतल्या) ट्यूबचा एक जॉइंट दिला. वरून वेल्ड असा देखणा आला, माशाच्या खवल्यासारखा, की मी दोघा-तिघांना बोलावून दाखवला. हायड्रोला, म्हणजे पाणी भरून दाबाच्या चाचणीला, पंपाने प्रेशर चढायला लागलं आणि जॉइंटच्या मागच्या अंगाला, जिथे हात धड पोचत नव्हता तिथे, सुईएवढी धार लागली. उस्ताद ओरडले नाहीत. जॉइंट कापला, उभा चिरला आणि अर्धं भकल माझ्या हातात ठेवलं. आत ट्यूबची कड जशीच्या तशी होती, माझ्या कानशीच्या खुणांसकट. वितळलीच नव्हती.

दिवसावर काम करणाऱ्या पोराचा जॉइंट असा चिरून दाखवायला कुणाला वेळ नसतो. माझं नशीब. अप्रेंटिसला ते मागायचा हक्क आहे, म्हणून माझं मत सरांच्या बाजूने.

आता बॉयलरमेकरचं. आखातातल्या जाहिरातीत तो एक माणूस असतो. आपल्याकडे तेच काम वाटून घेतलेलं आहे : फिटर ट्यूब जुळवतो, वेल्डर जोडतो, खलाशी (जड माल हलवणारा) चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, लावून उचलतो, आणि ड्रममध्ये (बॉयलरच्या पाण्या-वाफेच्या मोठ्या पिंपात) बसून ट्यूबचं तोंड एक्सपांडरने फुगवणारा आणखी वेगळा. मुलाला सांगा, सहा महिने वेल्डिंगचा हट्ट सोड आणि फिटरच्या मागे राहा. जॉइंट बिघडतो तो आर्क पेटण्याआधीच. बेव्हल (कडेला दिलेला उतार) तिरका, फटीत भर घालायची फिलर वायर जाईल एवढी जागा नाही, दोन कडा वरखाली, मग पुढे कितीही चांगला हात असो. ट्यूबा एकमेकींना खेटून असतात, मागचा भाग आरशात बघून वेल्ड करावा लागतो. आरशात हात उलटा चालतो, ती सवय महिन्यात येत नाही.

अप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा, तोंडी नको. १९६१च्या कायद्याप्रमाणे वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नसतं, हे आधीच समजून घ्या. कामावर अपघात झाला तर भरपाई मात्र लागू आहे. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. महानिर्मितीच्या कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळच्या वीज केंद्रांत शिकाऊ घेतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. कराडपासून लांब आहे, पण अशा ठिकाणी मिश्रधातूच्या ट्यूबा आणि जॉइंटचे एक्स-रे रोजच्या कामात बघायला मिळतात. कारखान्याच्या बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या छोट्या बॉयलरवर ते फारसं दिसत नाही.

त्यानंतर आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, बॉयलरचे सरकारी नियम) वेल्डरची परीक्षा. ती वेगळी, बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकासमोर. (सरकारी कागदावर बॉयलरचं नाव बाष्पक. मला ते ऐकून अजून हसू येतं.) सर्वांत अवघड पोझिशन सिक्स-जी : पाइप ४५ अंशांत पक्का, फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं. दाखला दोन वर्षांचा, पुढे नूतनीकरण. आखातात जायचं तर मुलाखतीला हाताचीच परीक्षा घेतात, तेव्हा हा सराव कामी येतो.

एक गोष्ट घरीच बघा. मुलाला कोंडल्या जागेत घाबरायला होतं का? ड्रमच्या मॅनहोलमधून एक खांदा आधी घालून आत सरकावं लागतं, उजेड चोवीस व्होल्टच्या दिव्याचा. चांगली धट्टीकट्टी पोरं तिथून परत फिरलेली मी पाहिली आहेत. त्यात लाज नाही, पण ते करार करायच्या आधी कळलेलं बरं.

आणि ठेकेदाराला तोडून बोलू नका. त्याचा नंबर ठेवा. वर्ष भरून आयबीआर होईपर्यंत त्यापुढचा ऑफ सीझन उजाडेल, तेव्हा मजुरीचं बोलणं मुलगा स्वतः करेल.