तुमचा प्रश्न : जोक कुठे मारायचा हे कसं शिकवायचं?

प्रश्न : ताई, मी जि.प. शाळेत सहावीला शिकवते. वर्गात एक मुलगा आहे, हुशार आहे, चुटके भरपूर पाठ, पण कुठे काय बोलावं ते कळतच नाही. एका मुलीचे आजोबा वारले, ती शाळेत परत आली तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, "मग तेराव्याला लाडू किती खाल्लेस?" ती रडायला लागली. मी ओरडले, घरीही फटके पडले. आता एकतर गप्प बसतो नाहीतर तोच तोच जोक दिवसभर सांगतो. काय करू?

उत्तर : बाई, आधी ते फटके थांबवायला सांगा त्याच्या घरी. मार खाऊन त्याला एवढंच कळलं की बोलणं धोक्याचं, पण नेमकं काय चुकलं ते अजूनही कळलेलं नाही आणि म्हणूनच तो असा कधी गप्प कधी सुरूच असं करतोय. लाडू त्याच्या दृष्टीने गंमतच होती. तेराव्याला गोडधोड असतं हे त्याने पाहिलंय, त्या मुलीच्या मनात काय चाललंय ते मात्र दिसलं नाही. शब्दांवरच्या कोट्या मुलांना सहा-सात वर्षांपासून आवडायला लागतात, पण टोमणा कळणं, समोरच्याला लागलं हे ओळखणं पुष्कळ उशिरा येतं आणि काहींना ते मुद्दाम शिकवावंच लागतं, जसं आपण हातच्याची बेरीज शिकवतो तसं.

रॉड मार्टिन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने 2003 साली सहकाऱ्यांसोबत विनोदाचे चार प्रकार मांडले : माणसं जोडणारा, स्वतःला धीर देणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच कमी लेखणारा. मुलांना ही नावं नकोत, पण "या जोकमध्ये हसू कशाचं येतंय, गोष्टीचं की कुणा माणसाचं?" एवढं विचारायची सवय लावा. जाड्या, काळ्या, चष्मिष, आडनावावरून चिडवणं, बोबडं बोलण्याची नक्कल, हे सगळं पोरं आपोआप त्या दुसऱ्या बाजूला टाकतात, बघा.

मग चिठ्ठ्यांचा खेळ घ्या. एका डब्यात चुटके, दुसऱ्यात जागा आणि माणसं : एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी आजी, दवाखाना, डबा खाताना मित्र, मयताचं घर, मुख्याध्यापकांची खोली. एकेक चिठ्ठी काढायची आणि इथे हा चालेल का, का नाही, यावर बोलायचं. वाद होऊ द्या, मुलं एकमेकांचं जास्त ऐकतात. मोबाईलवर एखादा व्हिडिओ आवाज बंद करून दाखवा आणि विचारा, हा खरा हसतोय की नाइलाजाने? चेहरा वाचायचा सराव असाच होतो.

त्याच्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे परिपाठात कोडं किंवा चुटका सांगायचं काम आठवड्यातून एकदा त्याच्याकडे द्या, आदल्या दिवशी तुम्हाला ऐकवायचा आणि मग सगळ्यांना, म्हणजे हसवायची त्याची भूक भागते आणि निवड करायचीही सवय लागते. दुसरं, एक जोक एका माणसाला एकदाच, हा नियम आणि तुमच्या दोघांतच ठरलेली एक खूण, समजा तुम्ही कानाला हात लावला की आता बास. बाकी कुणाला ती कळता कामा नये, नाहीतर तीच चेष्टा होऊन बसते.

जोकशिवाय इतर गोष्टींतही त्याला हावभाव कळायला जड जात असतील, म्हणी-टोमणे शब्दशः घेत असेल तर गटसाधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षकांशी बोला. त्यासाठी त्याच्यावर कुठला शिक्का मारू नका.

आणि एक स्पष्टच सांगते. मोठ्या माणसांनी वर्गात एखाद्याचे मार्क वाचून "वा, काय दिवे लावलेत" म्हणायचं आणि सगळा वर्ग हसायचा, हे अनेक शाळांत चालतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलांच्या मानसिक छळालाही मनाई करतं. मुलं टोचणारा विनोद इथूनही उचलतात.

त्या मुलीचं राहिलंच. "मस्करी केली गं, एवढं काय मनाला लावून घेतेस" ही माफी होत नाही, हे त्याला समजावा. वर्गासमोर माफी मागायला लावू नका, तिला पुन्हा सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतील. मधल्या सुट्टीत, तिची तयारी असेल तरच, त्याने स्वतः जाऊन एवढंच म्हणावं : "आजोबांवरून बोललो ते चुकलं, परत नाही बोलणार." ती काही बोलली नाही तरी त्याने तिथून निघून यायचं, मागे लागायचं नाही.