प्राचीन आयबेरियन लोक मधमाश्या पाळत होते, हे कशावरून कळते?

याचा सर्वांत भक्कम पुरावा पूर्व स्पेनमधील वालेन्सिया परिसरात, ओलोकाऊजवळच्या पुंताल देल्स योप्ससारख्या इ. स. पू. ३ऱ्या-२ऱ्या शतकांतील वस्त्यांत मिळाला आहे. तेथे भाजलेल्या मातीची, दोन्ही टोकांना उघडी असलेली लांबट नळकांडी सापडली. बाहेरून ती साधीच दिसतात. पण एखाद्या तुकड्याची आतली बाजू पाहिली, तर माती ओली असताना मुद्दाम ओढलेल्या रेघा दिसतात, ज्यांच्या खडबडीतपणामुळे माश्यांना पोळे पक्के चिकटवता येत असे. रासायनिक तपासणीत मेणाचे अंशही आढळले आणि माझ्या मते हाच निर्णायक दुवा आहे, कारण केवळ आकारावरून ती पाण्याची नळीही ठरली असती. याच प्रदेशातील बिकोर्पच्या गुहेत त्याहून हजारो वर्षे जुने, मध काढणाऱ्या व्यक्तीचे चित्र आहे. मात्र ते रानमधाचे आहे, पाळीव माश्यांचे नव्हे.