‘फुल’ विमा असून टेम्पोचा क्लेम अर्धाच का?

प्रश्न: भाजीपाल्याच्या वाहतुकीसाठी आमचा साडेतीन वर्षांचा छोटा हत्ती आहे. तो दुभाजकावर आदळला. गॅरेजचं बिल ६४,००० रुपये झालं. विमा ‘फुल’ होता, तरी हातात तीस हजारांच्या आसपास आले. एजंट म्हणतो, नियमच आहे. कोणता नियम? (सोबत बिल जोडलं आहे.)
— एक वाचक, नारायणगाव

उत्तर: एजंट खोटं बोलत नाही, फक्त हे त्याने पॉलिसी देताना सांगायला हवं होतं. पॉलिसीच्या शेड्यूलवर ‘आयएमटी’ (पॉलिसीला जोडलेली ठरावीक कलमं) असं लिहून पुढे काही आकडे, म्हणजे कलमांचे क्रमांक, दिलेले असतात. त्यातला २१ शोधा. त्याचा अर्थ असा की गाडी टोटल लॉसमध्ये (दुरुस्तीपलीकडे) गेली नसेल, तर दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचे पैसे मिळत नाहीत. खासगी कारच्या पॉलिसीत हे कलम नसतं. त्यामुळे आधी फक्त कार वापरलेला माणूस पहिला टेम्पो घेतल्यावर इथे हमखास फसतो. आणि टेम्पो समोरून आदळला की आधी फुटतं ते हेच सगळं.

तुमच्या बिलात हेडलाइट ७,०००, बंपर ६,५००, रंग ९,००० आणि टायर ५,५०० आहेत. हे २८,००० सरळ बाद. पुढची काच ८,०००. काचेवर घसारा (जुनेपणामुळे होणारी कपात) नसतो, ती पूर्ण धरली. दरवाजा, क्रॉस मेंबर वगैरे लोखंडी सामान २०,०००. तीन ते चार वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा, म्हणून १५,०००. मजुरी ८,०००. झाले ३१,०००, आणि त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम.

यावर उपाय आयएमटी २३. ते घेतलेलं असतं तर बाद झालेल्या २८,००० पैकी निम्मे, म्हणजे १४,००० मिळाले असते. त्यासाठी ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर साधारण १५ टक्के जादा पडतात. हा हप्ता ८,००० असेल तर १,२०० रुपये. एका धडकेत अकरा वर्षांचा जादा हप्ता वसूल! ‘सगळ्यात स्वस्त कोटेशन द्या’ म्हटलं की यादीतून पहिलं गळतं ते हेच, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी ‘तेवीस घातलंय का?’ एवढं विचाराच.

पुढच्या वेळेसाठी आणखी एक. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येण्याआधी मिस्त्रीला गाडी खोलू देऊ नका, आणि दुरुस्तीनंतरही जुने फुटके भाग भंगारात घालू नका. फेरतपासणीत ते दाखवता आले नाहीत, तर तेवढी रक्कम कापली जाते.

प्रश्न: बेकरीचा माल दुकानांत पोचवायला घरचीच पांढऱ्या पाटीची (खासगी नोंदणीची) व्हॅन वापरतो. माल आमचाच, भाडं कुणाकडून घेत नाही. मग चालेल ना?
— सांगली

उत्तर: नाही. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. त्यात भाड्याने चालवणं तर वगळलेलं असतंच, पण नमुने आणि स्वतःचं सामान सोडून मालवाहतूकही वगळलेली असते. पावाचे क्रेट कितीही तुमचेच असोत, ते सामान नाही, माल आहे. अपघाताच्या फोटोत मागे क्रेट दिसले की क्लेम अडकतो.

लोक पांढरी पाटी का सोडत नाहीत, तेही उघड आहे. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा) हप्ता ३,४१६ रुपये आहे, तर भाड्याने माल वाहणाऱ्या साडेसात टनांपर्यंतच्या गाडीचा १६,०४९. फक्त स्वतःचा माल वाहणाऱ्या मालगाडीला मात्र यापेक्षा कमी दर लागतो. तुम्हाला तोच लागू पडेल, पण मग परतीच्या फेरीत दुसऱ्याचं एक पोतंही भाड्याने घेऊ नका. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. पासिंग (फिटनेस तपासणी) मात्र वेळेवर हवं: पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

प्रश्न: ड्रायव्हरकडे कारचंच लायसन्स आहे. छोटा टेम्पो दिला तर क्लेम नाकारतील?
— चाकण

उत्तर: एवढ्या कारणावरून नाही. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी एलएमव्ही (हलक्या वाहनांच्या, म्हणजे कारच्याच) लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे. वजन आरसीवर पाहा, गाडीच्या दिसण्यावरून ठरवू नका. आणि लायसन्सची मुदत संपलेली नाही ना, हे कामावर घेतानाच तपासा. त्यात हयगय झाली तर हा निकाल उपयोगाचा नाही.

प्रश्न: जुना टेम्पो विकला, पैसे मिळाले, चावी दिली. आता आमचा संबंध संपला का?
— बार्शी

उत्तर: आरसीवर तुमचं नाव आहे तोवर नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते घेणाऱ्याच्या हाती सोपवण्याऐवजी आरटीओत स्वतः दाखल करा आणि पावती जपून ठेवा. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. थर्ड पार्टी कव्हर आपोआप त्याच्याकडे जातं, ओन डॅमेज जात नाही. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमचा. तो तुमच्या पुढच्या गाडीला लावता येतो.

प्रश्न: लग्नसराईत ओळखीचे लोक वऱ्हाडासाठी टेम्पो मागतात. दोन हमाल तर रोजच मागे बसतात.
— जुन्नर

उत्तर: वऱ्हाड नको. मालगाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे ठरलेलं आहे. ती तुमच्या खिशातून जाईल. मालासोबत असलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस यांना मात्र कव्हर आहे. हमाल तुमच्याच पगारावर असतील, तर ड्रायव्हर, क्लीनर आणि हमाल मिळून किती माणसं, तो आकडा पॉलिसीत लिहून घ्या. जादा हप्ता माणशी पन्नास रुपयांच्या आसपास असतो. पॉलिसीवर दोन आणि गाडीत चार असं मात्र होऊ देऊ नका.