आजकालच्या पोरांचे चेहरे कोरे आणि हिरो-हिरोइनी सगळे एकसारखे का दिसतात, का मीच म्हातारा झालोय?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत आणि मला वाटतं दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पोरांच्या बाबतीत आपलं चुकतंय, नटनट्यांच्या बाबतीत तुमचं बरंचसं बरोबर आहे.

माझं वय ५६, मुलगी २१ची. तिला काही सांगायला गेलं की नुसती बघत राहते, ना हो ना नाही, भुवईसुद्धा हलत नाही. मला किती दिवस वाटायचं ही ऐकतच नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत या बघण्याला 'जेन झी स्टेअर' (आजच्या तरुण पिढीची कोरी नजर) असं नावच पडलं, म्हणजे हे फक्त आपल्या घरातलं नाही. पण हीच मुलगी मैत्रिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना पाहिली तर डोळे, हात, मान सगळं बोलत होतं! हावभाव आहेत हो, ते आपल्यासमोर येत नाहीत एवढंच. आणि आपण तरी काय करायचो, वडील बोलायला लागले की मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभं राहायचं, वर बघितलं की "डोळे वर करून बघतोस?" ठरलेलं. आता पोरं सरळ बघतात तर तेही आपल्याला खटकतं.

आता सिनेमाचं. थोडा भाग वयाचा आहेच, माझ्या आईच्या डोळ्यासमोर जयश्री गडकर, त्यामुळे १९८२ला 'उंबरठा' आला तेव्हा तिला स्मिता पाटील हिरोइन वाटेचना, मला मात्र त्या डोळ्यांपुढे दुसरं काही दिसत नव्हतं. पण आता जे चाललंय ते नुसतं आवडीनिवडीचं नाही. बोटॉक्सच्या इंजेक्शनने नसेकडून स्नायूला जाणारा निरोपच अडतो, तीन-चार महिने स्नायू सैल राहतो, कपाळावरच्या आठ्या जातात पण मग आठी घालायची म्हटली तरी नीट घालता येत नाही, आणि नटाचं तर तेच काम ना! वर कॉम्प्युटरवर कातडी गुळगुळीत करतात ते वेगळंच. 'अर्धसत्य' मधला ओम पुरींचा चेहरा आठवा, देवीच्या व्रणांचा, त्याच्यावरून नजर हलत नाही. ललिता पवारांना १९४२ मध्ये शूटिंगच्या वेळी थप्पड जोरात बसली, डावा डोळा कायमचा अधू झाला, तरी पुढे कितीतरी वर्षं त्यांनी त्याच चेहऱ्याने पडदा गाजवला. असा चेहरा आज कुणी हिरोइन म्हणून सोडा, सासू म्हणून तरी घेईल का, मला शंका आहे, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरी सगळंच गेलं असंही नाही. 'फँड्री' (२०१३) बघा, त्यातला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, त्याचा पहिलाच सिनेमा, साधा शाळकरी पोरगा. शक्यतो घरातल्या पोरांसोबत बघा. शेवटी तो दगड मारतो तेव्हा मी पडद्याकडे कमी आणि मुलीकडेच जास्त बघत होतो, तिने ओठ घट्ट दाबून धरले होते आणि नावं येऊन संपली तरी तशीच बसून होती.