सतत शहरे आणि देश बदलत राहिल्याने माणसाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो?

नोकरीच्या निमित्ताने गेल्या १९ वर्षांत चार देशांत मिळून नऊ वेळा बिऱ्हाड हलवले असल्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर अनुभवावरून देतो. भाषा, हवामान, कागदपत्रे यांचा त्रास होतो खरा, पण तो वर्षभरात निवळतो. (सामान बांधण्यात तर मी इतका सरावलो आहे, की काही खोकी आता उघडतही नाही.)

खरी झीज होते ती माणसांच्या बाबतीत. जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार परिचिताशी जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास आणि घट्ट मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो. विद्यार्थिदशेत हे तास नकळत भरतात. चाळिशीत मात्र संसार सांभाळून आठवड्याला दोन तास काढले, तरी २०० तासांना जवळपास दोन वर्षे लागतात आणि तेवढ्यात बदलीचे पत्र हातात पडते. एकदा दवाखान्यातल्या अर्जात तातडीच्या प्रसंगी कळवण्यासाठी दोन नावे मागितली होती. पहिले पत्नीचे लिहिले. दुसऱ्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबले आणि अखेर, जेमतेम दोनदा भेटलेल्या घरमालकांचे नाव मी तिथे लिहिले.

मुलांवरचा परिणाम स्वभावानुसार वेगळा असतो. शिगेहिरो ओइशी आणि उलरिच शिमॅक यांनी २०१० मध्ये सात हजारांहून अधिक अमेरिकी प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी जितक्या जास्त वेळा घर बदलले, तितके मोठेपणी समाधान कमी, असा संबंध त्यात अंतर्मुख व्यक्तींमध्ये दिसला, बहिर्मुखांमध्ये नाही. आमच्या घरात दोन्ही नमुने आहेत. थोरली आठवडाभरात कुठेही मिसळते आणि तीन भाषा सहज बोलते. धाकटीने मात्र तिसऱ्या शाळेत गेल्यावर वर्गातल्या मुलांची नावे लक्षात ठेवणेच सोडून दिले होते, आणि हे आम्हाला तिच्या शिक्षिकेकडून कळले.

फायदे नाहीत असे नाही. आपली पद्धत हीच एकमेव पद्धत, हा भ्रम दुसऱ्याच मुक्कामी गळून पडतो, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरीही गेल्या वर्षी आलेली बदली मी नाकारली, तिच्याबरोबरची बढतीही गेली. धाकटी अजून त्याच शाळेत आहे आणि जेवताना तिच्या बोलण्यात अलीकडे दोन-तीन नावे येऊ लागली आहेत.