वाचकांचे प्रश्न : पितळी पत्र्यात रेल्वे डब्याच्या बाजू

प्रश्न : आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) शयनयान डब्याच्या मॉडेलच्या बाजू एचओ मापात (१:८७) घरीच एच करतो, म्हणजे नको तिथलं पितळ रसायनाने विरघळवून काढतो. ०.२५ मिमी पितळी शिम (पातळ पत्रा), त्यावर ड्राय फिल्म (उजेडाने घट्ट होणारा, पितळ झाकणारा थर) आणि विरघळवायला फेरिक क्लोराइडचं द्रावण. खिडक्यांचे गज विरघळून जातात, खिडक्या रेखाटनापेक्षा मोठ्या होतात आणि दारावरची, पत्र्याच्या अर्ध्या जाडीपर्यंतच कोरायची रेघ आरपार जाते. द्रावण बदलू का?

उत्तर : द्रावण ठेवा, रेखाटन बदला. फेरिक क्लोराइड पत्र्यात नुसतं खाली उतरत नाही, ड्राय फिल्मच्या कडेखाली आडवंही सरकतं. साधारण जेवढं खोल जाईल त्याच्या निम्मं आडवं, असा हिशोब धरा. ०.२५ मिमी पत्रा दोन्ही अंगांनी खाल्ला जातो, म्हणजे एकेका अंगाने ०.१२५ मिमी. त्याच्या निम्मे म्हणजे प्रत्येक कड सुमारे ०.०६ मिमी मागे हटणार. त्यामुळे खिडकी दोन्ही मापांत ०.१२ मिमीने वाढते आणि ०.२ मिमीचा काढलेला गज ०.०८ वर येतो. द्रावणात मिनिटभर जास्त राहिला की तोही गेला. म्हणून प्रत्येक खिडकी रेखाटनातच ०.१२ मिमीने लहान काढा.

गजांसाठी मात्र एवढ्याने भागणार नाही. खरा गज १२ मिमीचा धरला तरी आपल्या मापात तो ०.१४ मिमी होतो, आणि ०.२५ च्या पत्र्यात एवढी बारीक पट्टी भरवशाने टिकत नाही. गजांच्या चौकटी ०.१ मिमी शिममध्ये वेगळ्या करा आणि मागून चिकटवा. तिथे कड जेमतेम ०.०२५ मिमी हटते, म्हणून ०.२ ची रेघ काढली की ०.१५ चा गज मिळतो. आपत्कालीन खिडकीची चौकट गजांविना ठेवायला विसरू नका.

आता अर्धी रेघ. रुंद मोकळी जागा लवकर खाल्ली जाते, अरुंद फट सावकाश. अख्खी खिडकी मोकळी सोडलीत, तर ती आरपार होऊनही बारीक फटी उघडायच्या राहतात. त्या उघडेपर्यंत पत्रा बुडवून ठेवला की खिडक्या फुगतात आणि अर्ध्या रेघा भोकं पाडतात. त्यामुळे खिडकीचं पोट मोकळं सोडूच नका. तिच्या कडेने फक्त ०.३ मिमीची फट काढा, दाराच्या उघड्या जागेलाही तशीच. फट पत्र्याच्या जाडीपेक्षा अरुंद नको, नाहीतर ती नीट उघडतच नाही. सगळ्या फटी एकाच रुंदीच्या असल्या की एकदमच उघडतात आणि द्रावणही कमी खर्च होतं. आतला तुकडा एका ०.४ मिमीच्या, अर्ध्या खोलीच्या दांडीवर लटकता ठेवा. पत्र्याच्या कडेला ०.२, ०.३ आणि ०.४ मिमीच्या चाचणीच्या फटी द्या. ०.३ ची फट स्वच्छ उघडली की पत्रा लगेच बाहेर काढून धुवा. द्रावण ४० ते ४५ अंशांवर ठेवा, पत्रा उभा टांगा आणि मधूनमधून उलटा करा.

पत्र्याच्या पुढच्या आणि मागच्या अंगासाठी रेखाटन छापलेल्या दोन पारदर्शक फिल्म एकमेकींशी जुळत नसतील तर दोष बहुधा लेझर प्रिंटरचा. प्लास्टिक शीट तापून ताणली जाते किंवा आकसते. आयसीएफ डबा २१,३३७ मिमी लांब, म्हणजे मॉडेल २४५ मिमी. एवढ्या लांबीवर अर्ध्या टक्क्याचा फरक १.२ मिमी होतो. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांना फिल्म काढून देणाऱ्यांकडून ती काढून घ्या. ड्राय फिल्मवर जिथे उजेड पडतो तिथे ती घट्ट होते, म्हणून जे पितळ राहायचं ते छापलेल्या फिल्मवर पारदर्शक हवं आणि जे जायचं ते काळं. काळी बाजू पत्र्याला टेकली पाहिजे, नाहीतर उजेड कडेखाली शिरतो.

वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं. ते मोरीत ओतू नका, स्टीलच्या सिंकजवळही नेऊ नका.

प्रश्न : बाहेरून एचिंग करून घ्यायचं असेल तर काय सांगावं?

उत्तर : नेमप्लेटवाले बहुतेक एकाच अंगाने कोरतात, ते इथे उपयोगाचे नाहीत. शिम, जाळ्या, बारीक भाग करणारा फोटोकेमिकल एचिंगचा कारखाना गाठा. व्हेक्टर फाइल (चित्राऐवजी रेषांच्या मापांची फाइल) द्या, पण पुढची अर्धी खोली, मागची अर्धी खोली आणि आरपार यांना ते कोणते रंग वापरतात ते आधी विचारा. कड हटण्याची भरपाई तुम्ही करायची की ते करतात, हेही लेखी विचारून घ्या. दोघांनी केली तर खिडकी लहान येते. फिल्मचा खर्च एकदाच पडतो, पुढे पत्र्यामागे पैसे. चार-पाच जणांनी एकत्र मागवलं तर परवडतं.

प्रश्न : प्लास्टिकच्या सांगाड्यावर चिकटवलेल्या पितळी बाजू उन्हाळ्यात मधोमध फुगून सुटल्या. सुपरग्लू वापरला होता. (नागपूर)

उत्तर : सांगाड्याचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, पितळेच्या साडेतीन-चार पट प्रसरण पावतं. २४५ मिमी लांबीत तापमान ३० अंशांनी बदललं की दोघांत जवळजवळ ०.४ मिमी तफावत पडते. सुपरग्लूचा थर ताठ असल्यामुळे ताण घेत नाही, तडकतो. लवचीक कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावा, स्पर्शाला कोरडं होईपर्यंत थांबा आणि मधल्या खिडकीपासून टोकांकडे दाबत जा. दोन्ही टोकांना केसाएवढी जागा मोकळी ठेवा.

चिकटवण्याआधी बाजूचा खालचा, आत वळलेला भाग घडवून घ्या. पत्रा माउस पॅडवर ठेवून वळणापेक्षा थोडी बारीक गोल सळई त्यावर लांबीने फिरवा. दारांमधले लटकते तुकडे तोवर काढू नका. ते काढले की पत्रा दाराशी कमकुवत होतो आणि वळणाऐवजी तिथेच मोडल्यासारखी घडी पडते.