वडिलांनी लावलेला दिवाणी दावा ते वारल्यावर पुढे कसा चालवायचा? बहिणींची नावं घालावीच लागतात का?

नव्वद दिवस. वडील वारले त्या तारखेपासून नव्वद दिवसांत वारसांचा अर्ज कोर्टात पडला पाहिजे. नाही पडला तर दावा आपोआप संपतो, त्यासाठी न्यायाधीशांना वेगळा हुकूमसुद्धा करावा लागत नाही. तुम्ही लिहिलंय की दावा शेतातल्या अतिक्रमणाचा आहे, वडील जाऊन अडीच महिने झालेत आणि ‘बहिणींकडून हक्कसोड करून घेतलं की मग अर्ज देऊ’ असं घरात चाललंय. ते शेवटचं वाचलं आणि मला राहवलं नाही. आमच्या घरात अगदी हेच चाललं होतं, आणि त्यातली बहीण मी आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, जमीन कृष्णेकाठची. शेजारच्या गटातल्या भाऊबंदाने दर नांगरटीला बांध वीतभर, वीतभर सरकवत आणला होता. सरकारी मोजणीत आमचे सात गुंठे त्याच्या उसात निघाले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २००९ साली तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. सहा वर्षं नुसत्या तारखा. २०१५ च्या मार्चमध्ये एकदाचा अण्णांचा उलटतपास झाला, त्या दिवशी मी कोर्टात होते. समोरचे वकील एकाच बाभळीवर तासभर फिरत होते. ती बांधावर आहे की तुमच्या हद्दीत, कुणी लावली, तुम्ही कधी पाहिली. अण्णा शेवटी म्हणाले, “बाभळ बांधावर होती. आता ती ह्यांच्या उसात आहे. बाभळ काही चालत गेली नाही साहेब.” ते वाक्य जसंच्या तसं टाइप झालं. नंतर प्रत्येक पानावर सही करताना अण्णांचा हात इतका थरथरत होता की शिरस्तेदारांनी कागद धरून ठेवला. वादीचा उलटतपास पुरा झालेला असणं ही किती मोठी गोष्ट असते हे दावा चालवलेल्यालाच कळेल. सरतपासाचं, म्हणजे आपल्या स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्र नुसतं दाखल असेल आणि उलटतपासाआधीच माणूस गेला, तर त्या शपथपत्राला फारसा जोर राहत नाही. अण्णा आपलं काम करून गेले होते. पुढचं काम आमचं होतं.

१४ जून २०१६ ला अण्णा गेले. वकीलसाहेब दहाव्याला येऊन गेले. दादाने तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला आणि आई, दादा, ताई आणि मी अशी चौघांची नावं फेरफाराला लागली. दादाला वाटलं, झालं काम. ही चूक गावोगाव होते. सातबाऱ्यावरची नोंद हे महसूलचं काम, तिचा कोर्टातल्या दाव्याशी काही संबंध नाही. कोर्टात वारस म्हणून वेगळा अर्ज द्यावाच लागतो.

मग काकांनी दादाच्या डोक्यात भरवलं की कोर्टातही पोरींची नावं लागली तर उद्या त्या सात गुंठ्यांतही वाटा मागतील, आधी हक्कसोड करून घे. राखी पौर्णिमेला मी माहेरी गेले तर हक्कसोडचा मसुदा टाइप होऊन तयार होता. ताई तयार झाली. मी म्हटलं, सहीचं मागाहून बघू, आधी अण्णांच्या दाव्याचा अर्ज दे. खरं सांगते, नव्वद दिवसांचं मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. अण्णांचं काम आधी, एवढंच मनात होतं. दादा म्हणाला, “तू सही कर, दुसऱ्या दिवशी अर्ज देतो.” त्यावरून जे झालं त्यानंतर आम्ही बोलायचेच थांबलो. १२ सप्टेंबरला नव्वद दिवस भरले. गणपतीचे दिवस होते, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

भाऊबीजेला आईसाठी म्हणून गेले. दाव्याचं विचारलं तर दादाने कपाटातून कागद काढून पुढे टाकला. “अर्ज कधीचा तयार आहे, तुझ्या सहीवाचून अडलाय.” त्यात वारस म्हणून दोनच नावं होती, आई आणि दादा. ताई आणि मी जन्मलोच नाही जणू.

माझी शाळेतली एक मैत्रीण साताऱ्याला वकिली करते. तिला फोन केला. तिने आधी मृत्यूची तारीख विचारली आणि फोनवरच दिवस मोजले. नव्वद संपले म्हणजे दावा अबेट झाला, आपोआप संपला, पण ते रद्द करून घ्यायला पुढचे साठ दिवस मिळतात, तुमचे ११ नोव्हेंबरला संपतात, म्हणाली. ही मुदत १९६३ च्या मुदत कायद्यात आहे, अनुच्छेद १२० आणि १२१. बाकी सगळी पद्धत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २२ मध्ये. दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिच्याबरोबर कोर्टात जाऊन रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, पाहिला. अण्णा गेल्यानंतरच्या दोन तारखांना लिहिलं होतं, “वादी आजारी असल्याने मुदतीचा अर्ज. मंजूर.” अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते आणि कोर्टाच्या कागदावर ते आजारी होते. आपला पक्षकार वारल्याचं कळलं की कोर्टाला कळवणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, ऑर्डर २२ नियम १०अ मध्ये ते स्पष्ट आहे. दहाव्याला जेवून गेलेल्या माणसाला ते माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

८ तारखेच्या रात्री नोटबंदी झाली. मी दादाला फोन करून सांगितलं की हक्कसोडबद्दल एक शब्द बोलणार नाही, तू फक्त आईला घेऊन सहीला ये. १० तारखेला आम्ही चौघंही कोर्टाच्या आवारात होतो. टायपिंगवाला आणि नोटरी, दोघंही पाचशेची नोट घेईनात. आईने पिशवीतून भाजीच्या पैशांच्या दहा-वीसच्या नोटा काढल्या आणि मोजून दादाच्या हातात दिल्या. त्याच दिवशी दोन अर्ज पडले, एक वारस रेकॉर्डवर घेण्याचा आणि दुसरा अबेटमेंट रद्द करण्याचा. सोबत मृत्यू दाखला, शपथपत्र आणि नवं वकीलपत्र. जुनं वकीलपत्र आणि कुलमुखत्यारपत्र माणसाबरोबरच संपतं हे लक्षात ठेवा. समोरच्याने कडाडून हरकत घेतली. चार महिन्यांनी हजार रुपये कॉस्ट लावून अर्ज मंजूर झाले आणि दावापत्रावर ‘वादी मयत तर्फे वारस १अ ते १ड’ अशी दुरुस्ती झाली. १ड मी. २०१९ ला दावा आमच्या बाजूने झाला, आता समोरच्याचं अपील जिल्हा न्यायालयात आहे.

दादा आजही चारचौघांत म्हणतो की हिने वेळेवर सही केली असती तर ती धावपळ झालीच नसती. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते. कोर्टात वारस म्हणून नाव लागतं ते मयताच्या वतीने दावा पुढे नेण्यापुरतं. त्याने कुणाला वाटा मिळत नाही की कुणाचा जात नाही. वारस कोण याचा वाद झाला तर कोर्ट ऑर्डर २२ च्या नियम ५ खाली निर्णय देतं, पण तोही त्या दाव्यापुरताच, त्याने मालकी ठरत नाही. मुलीचा वाटा येतो तो हिंदू वारसा कायद्यातून, २००५ च्या दुरुस्तीतून. वडील २००५ मध्ये हयात असलेच पाहिजेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा निकालात ११ ऑगस्ट २०२० ला सांगून टाकलंय. मग अर्जातून नाव गाळून दादा वाचवत काय होता? आणि हक्कसोड काय, दाव्याच्या निकालानंतरही करता येतं.

त्याहून मोठी गोष्ट मला मागाहून कळली. सगळ्या वारसांच्या सह्या नसल्या तरी एक वारस एकटा अर्ज देऊ शकतो, आणि जो सही करत नाही त्याला प्रतिवादी म्हणून सामील करता येतं. म्हणजे माझ्या सहीवाचून त्या घरात काहीही अडलेलं नव्हतं. १५ जूनपासून कुठल्याही दिवशी दादा अर्ज देऊ शकत होता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. बहिणींची नावं घाला, सगळ्यांची. नीट चौकशी करून, प्रामाणिकपणे काही वारस रेकॉर्डवर आणले आणि एखादा राहून गेला, तर तेवढ्याने दावा मरत नाही, हेही खरं आहे. पण माहीत असून सख्ख्या बहिणींना वगळलं तर तो प्रामाणिकपणा कुठून दाखवणार? समोरच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं. आमची आई २०२३ मध्ये गेली तेव्हा तिचे सगळे वारस आधीच रेकॉर्डवर होते. पुरशीस देऊन, म्हणजे कोर्टाला तसं लेखी कळवून, तिच्या नावापुढे मयत लागलं, बस.

वारस दाखल्यासाठी थांबू नका. १८२७ च्या रेग्युलेशनखालचा तो दाखला मिळायला महिने जातात आणि या अर्जाला तो लागत नाही. मृत्युपत्र असेल तर गोष्ट थोडी वेगळी, ते वकिलांना आधीच दाखवा. आणि हे सगळं जमिनीच्या, पैशाच्या दाव्याचं बोलतेय. बदनामीच्या भरपाईसारखा दावा माणसाबरोबरच संपतो. दीडशे दिवस उलटून गेले असले तरी विलंब माफीचा अर्ज देता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या मिठाईलाल निकालात अशा अर्जांकडे उदारपणे बघायला सांगितलंय. पण त्या भरवशावर राहू नका, कारण एकदा अबेट झालेला दावा त्याच कारणावरून नव्याने लावता येत नाही.

तुमच्या हातात जेमतेम पंधरा दिवस आहेत. ग्रामपंचायतीतून मृत्यू दाखल्याच्या प्रती काढा, ई-कोर्ट्सवर दाव्याची पुढची तारीख बघा आणि तारखेची वाट न पाहता अर्ज द्या. बहिणींना आज रात्रीच फोन करा, कोर्टात सहीला या एवढंच सांगा. हक्कसोडचं नाव काढू नका.